एक ठोका आपला, दोन त्यांचे

३ मार्च, रविवार

ठक्.

एकच. लाकडावर मुठीचा एकच ठोका. तो ऐकला की मी मांडीवरचा पत्रा उचलायचो, आपल्या बाजूच्या खुंटीला अडकवायचो, आणि मग बाहेर सगळं मैदान उसळायचं. ठोका आधी आणि आरडाओरडा नंतर, असंच मला कायम वाटत आलं. तसं असणार नाही. पण आज सकाळी दाढी करताना तो ठोका इतका स्वच्छ ऐकू आला की अर्ध्या गालावर फेस ठेवून मी मागे वळून पाहिलं.

"काय झालं?" हिनं विचारलं. मी सांगायला सुरुवात केली.

"मला नका सांगू," ही म्हणाली. "लग्नापासून ऐकतेय. वहीला सांगा." आणि दुपारी खरोखरच दोनशे पानी वही आणून समोर आपटली. हाडांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होती; रुग्णाला काय हवं ते रुग्णाच्या आधी ओळखते.

तर वही, ऐक.

मी पाट्या रंगवणारा. या भागातल्या निम्म्या दुकानांची नावं माझ्या कुंचल्यातून उतरली. ते पोटासाठी. रविवारी मात्र मी फुटबॉल क्लबचा फलकवाला. आमच्या मैदानाचा पूर्व स्टँड सगळा लाकडी. अठ्ठावन्न पायऱ्या चढून गेलं की छपराखाली एक खोली, कबुतरांच्या खुराड्याहून जरा मोठी. तिच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाला गोलफलक. आतून झडप उघडून हात बाहेर घालायचा आणि आकड्याचा पत्रा खुंटीला अडकवायचा. आकडे सगळे माझ्या हातचे. शून्याचा रंग पार उडालाय आणि सातचा पत्रा अजून नव्यासारखा चमकतो. क्लबचा इतिहास म्हणून वेगळा लिहायची गरज नाही.

गंमत अशी की फलकाच्या मागे बसणाऱ्याला फलकाच्या पुढचं काही दिसत नाही. म्हणून बाहेर शेवटच्या बाकावर, फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून, ठोक्या बसायचा. माझा मित्र. टपाल कचेरीत शिक्के मारून मारून त्याची मूठ तयार झालेली. आपला गोल झाला की भिंतीवर एक ठोका, त्यांचा झाला की दोन. पस्तीस वर्षं मी क्लबचा प्रत्येक गोल असा ऐकला. पाहिला एकही नाही.

शाळेत कवितेच्या तासाला आमचे मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि अख्खा वर्ग डोलत डोलत कविता म्हणायचा. बरेचसे शब्द विसरलो, ताल राहिला. खोलीत बसून मी त्याच तालात वाट बघायचो.

तीन वर्षं झाली, ठोक्या मैदानावर येत नाही. "येतो रे पुढच्या रविवारी," म्हणतो. टीव्हीची चटक लागली असणार. आता मैदानाचा माळी खालून बटण दाबतो आणि खोलीत दिवा लागतो. हिरवा आपला, लाल त्यांचा. दिव्याला ताल नसतो.

आज हरलो. लाल, लाल, हिरवा, लाल. पण खरी बातमी मॅचनंतर. अध्यक्षबाईंनी कर्ण्यावरून जाहीर केलं की नगरपालिकेचा वस्ती-सुधार निधी मंजूर झालाय. अट अशी की पूर्व स्टँड पाडून नवा बांधायचा, आणि त्याच्या पोटात वस्तीसाठी दवाखाना आणि वाचनालय काढायचं. २३ तारखेला सभासदांचं मतदान. महिनाअखेरपर्यंत होकार गेला नाही तर निधी दुसऱ्या वस्तीला.

म्हणजे माझी खोली जाणार.

उतरताना सदतिसावी पायरी करकरली. नेहमीच करकरते, पण आज काहीतरी म्हणाली.

५ मार्च, मंगळवार

सलूनमध्ये दुसरा विषयच नाही. सलूनवाला आपला जुना सभासद, वस्तरा हातात घेऊन भाषण करतो, त्यामुळे सहसा कुणी विरोध करत नाही.

"मॅच बघायला यायचं की रक्त तपासायला?" तो म्हणाला.

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून बोललं, "आपला खेळ बघून रक्तदाब तपासावाच लागतो. खालीच सोय झाली तर बरंय."

"आणि वाचनालय कशाला?"

"हरत असताना वाचायला."

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. त्यांचं औषधांचं दुकान शेजारीच. दारातूनच म्हणाल्या, "हसा. वस्तीत कुणाचा पाय मुरगळला तर दोन बस बदलून जावं लागतं. माझ्या दुकानात येऊन बसतात बिचारे, मी काय मलम देणार सगळ्यांना?"

"बाई, तुमचं बरोबर आहे," सलूनवाला म्हणाला, "पण माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून त्या स्टँडात नेलंय. ते खांदे कुठल्या निधीतून आणू?"

बाई दुकानाकडे वळल्या. मला गलबललं.

तिथून ठोक्याकडे गेलो. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. "ये कविराज, उघडंच आहे!" खिडकीपाशी खुर्चीत बसलेला. इतका आळशी झालाय की पाणीसुद्धा मलाच घे म्हणतो. पलंग बाहेरच्या खोलीत आणलाय. इथे हवा खेळती असते म्हणे. भिंतीला पलंगापासून थेट न्हाणीघरापर्यंत लाकडी दांडा ठोकून घेतलाय. टॉवेल वाळत घालायला, म्हणाला. एवढा लांब दांडा! एकट्या माणसाला टॉवेल किती लागतात?

स्टँडची बातमी सांगितली. वाटलं, उसळेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"ती सदतिसावी अजून करकरते का रे?"

"करकरते की."

"मला वाटलं, बदलली असेल." मग हसला. "तुला तो उलटा गोल आठवतो?"

आठवतो म्हणजे काय! चषकाच्या सामन्यात आपला गोल झाला, यानं ठोका दिला, आणि आनंदानं उडी मारताना कोपर भिंतीवर आपटलं. मी ऐकले दोन. गोल त्यांच्या नावावर लावला. सगळं मैदान आमच्याकडे तोंड करून शिव्या घालत होतं आणि मी आत बसून म्हणतोय, वा, काय चुरशीची मॅच आहे! तेव्हापासून आमचा नियम: ठोका दिला की ठोक्यानं हात डोक्यावर ठेवायचा, म्हणजे चुकून दुसरा आवाज व्हायचा नाही. चूक पुन्हा झाली नाही. पण त्याला डोक्यावर हात ठेवलेला बघून नवे प्रेक्षक समजायचे, म्हाताऱ्याला गोलाचं दुःख झालं.

पोटभर हसलो. निघताना तो दारापर्यंतसुद्धा आला नाही.

७ मार्च, गुरुवार

ही विणकामाच्या वर्गाला गेली. तीन महिने झाले, दर गुरुवारी जाते. अजून एक मोजासुद्धा पुरा झालेला नाही. परत आली की हाताला मालिशच्या तेलाचा वास येतो. लोकर मऊ करायला लावत असतील.

१० मार्च, रविवार

बरोबरी. हिरवा एक, लाल एक. पण मी ते लिहायला बसलेलो नाही.

क्लबच्या सूचना फलकावर सभासदांची पत्रं लावलीत. 'स्टँड जपा' म्हणणाऱ्यांची डावीकडे, 'नवा बांधा' म्हणणाऱ्यांची उजवीकडे. उजवीकडचं तिसरं पत्र. अक्षर पाहूनच ओळखलं. टपालातला माणूस, पत्ता लिहावा तसं सुटं सुटं लिहितो.

'पूर्व स्टँड पाडावा. नवा लवकर बांधावा. उशीर नको.' खाली सही. ठोक्याची!

घरी येऊन फोन केला.

"वाचलंस वाटतं," तो म्हणाला.

"तू माझी खोली पाडायला निघालास?"

"तुझी खोली? अरे, बाहेर बसून पाठ माझी सोलायची."

"विषय बदलू नकोस."

"अठ्ठावन्न पायऱ्या आहेत रे तिला."

"आहेतच! मला पाठ आहेत. डोळे मिटून चढतो मी."

तो म्हणाला, "हो. तू चढतोस."

"घरात बसून टीव्ही बघणाऱ्यानं मैदानाबद्दल बोलू नये," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

ही सगळं ऐकत होती. म्हणाली, "कविता पाठ करता, माणसं कधी पाठ करणार?" हिला मधेच असं काहीतरी सुचतं.

संध्याकाळी चार ओळी झाल्या. सभेत म्हणणार.

फळीफळीला इथल्या वाचा,
खिळ्याखिळ्याला इथल्या कान,
ऐका आधी, मग पाडा हो,
या भिंतींचे मुके पुराण!

हिला म्हणून दाखवल्या. "पुराण हा शब्द अगदी बरोबर घातलात," एवढंच म्हणाली.

१२ मार्च, मंगळवार

सलूनवाल्यानं कापडी फलक मागितला. "असं लिहा की वाचणाऱ्याला झोंबलं पाहिजे."

दिवसभर गॅलरीत कापड ताणून बसलो. किती दिवसांनी मोठी अक्षरं काढली. जमेल की नाही वाटलं होतं, पण लाल रंगात कुंचला बुडवला आणि हात पंचविशीचा झाला. मजकूर माझाच:

घरचेच निघाले घर पाडायला!

'घ'चं पोट असं काही जमलंय की बघत राहावं. माझा 'घ' या भागात कुणीही ओळखेल.

संध्याकाळी पोरांनी शिड्या लावून तो बांधला. तेवढे उंच दोन खांब एकाच गल्लीत आहेत, टपालवाल्यांच्या. ठोक्याच्या खिडकीसमोरच येतो. मी काही मुद्दाम सांगितलं नव्हतं.

मी काही नकोही म्हटलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

ही वर्गावरून उशिरा आली. ताट वाढलं ते आवाज करत. टाके चुकले असतील.

१७ मार्च, रविवार

आज आपला सामना बाहेरगावी होता. क्लबच्या खालच्या दालनात नव्या स्टँडचे नकाशे मांडलेत, ते बघून दोष काढून यावेत म्हणून गेलो. वहीचं एक पान घेऊन गेलो होतो लिहायला.

नकाशे काढणारी मुलगी तिथेच बसली होती. डोक्यात दोन पेन्सिली खोवलेल्या आणि तिसरी शोधत होती. मी विचारलं, "गोलफलक कुठे?"

"हा इथे, आजोबा. वर छपराखालीच ठेवलाय. विजेचा घालणार होतो, पण हाताचाच हवा म्हणून पत्रं आली. मागे खोलीही आहे."

खोली आहे! मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

"आणि ही लांबलचक पट्टी कसली? रस्ता आहे का?"

"उतार. थेट वरपर्यंत. याचीच तर गंमत सांगते." तिनं एक जाडजूड फाइल काढली. "निधीचा अर्ज केला तेव्हापासून तुमच्या एका सभासदांनी मला नऊ पत्रं लिहिली. पहिल्यात, चढ जास्त आहे, कमी करा. केला. दुसऱ्यात, अजून कमी करा, चाकाची खुर्ची ढकलणारी माणसंही म्हातारीच असतात. मग कठड्याची उंची. मग वळणावर विसावा. इतकं नेमकं लिहितात, मी सगळं बदलत गेले. पण शेवटचं पत्र मला कळलंच नाही."

ते तिनं माझ्यासमोर धरलं. सुटं सुटं अक्षर.

'उताराच्या वरच्या टोकाला, फलकाच्या खोलीला लागून, एका खुर्चीपुरती जागा ठेवावी. खोली आणि खुर्ची यांच्यामधली भिंत लाकडी असावी. सिमेंटची नको. सिमेंटवर आवाज होत नाही.'

"कसला आवाज, आजोबा?" तिनं विचारलं. "तुम्हाला काही कळतंय?"

मी म्हणालो, चष्म्यावर वाफ आलीय, जरा बाहेर जाऊन येतो.

परत गेलो नाही. वहीचं पान कोरंच राहिलं.

१८ मार्च, सोमवार

सकाळी हिला म्हणालो, "विणकामाचा वर्ग कुठे भरतो?"

हिनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "कळलं एकदाचं."

मग तिनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. 'मुतखडा काढला' असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी दवाखान्यात दोन तास बसून त्याला कविता ऐकवली होती. त्यानंतर पाय पूर्वीसारखे चाललेच नाहीत. वरच्या मजल्यावरची त्याची लेक सकाळ-संध्याकाळ बघते. ही गुरुवारी जाऊन मालिश करते, व्यायाम करून घेते. दांडा टॉवेलचा नाही. दांडा धरून तो न्हाणीघरापर्यंत जातो.

"मला का नाही सांगितलंस?"

"भाऊजींनी शपथ घातली होती. म्हणाले, तो खोलीत बसून वाट बघतो आणि मी येणार नाही हे कळलं तर तोही जायचा बंद होईल. येतो-येतो म्हणत राहू दे."

"आणि त्या दिवशी फोनवर..."

"त्या दिवशी फोनवर तुम्ही बोललात. ते गप्प बसले. गुरुवारी मी गेले तेव्हा खिडकीला पडदा होता. म्हणाले, वहिनी, 'घ' मात्र अजून काय काढतो तो!"

मी शिडी काढली. ही म्हणाली, या वयात खांबावर चढू नका. चढलो. हिनं खाली शिडी धरली आणि सबंध वेळ मला ओरडत राहिली. फलक सोडून, गुंडाळून काखेत घेतला. पडदा तसाच होता. दारही तसंच, नुसतं लोटलेलं.

आत जायला पाऊल उचललं, पण गेलो नाही. काय सांगणार होतो? ज्याच्या घरात तीन वर्षं जातोय, त्याला एकदाही उभं राहिलेलं पाहिलं नाही हे ज्याच्या लक्षात आलं नाही, तो माणूस मी. फलकाच्या मागे बसायची सवय वाईट. पुढचं काही दिसत नाही.

२३ मार्च, शनिवार

मतदान झालं. जसं झालं तसं लिहितो.

दालन खचाखच. डावीकडे 'जपा', उजवीकडे 'बांधा', मधे अध्यक्षबाई पाण्याचा जग सांभाळत. दीड तास सगळे एकदम बोलत होते. सलूनवाल्यानं वडिलांच्या खांद्याची गोष्ट सांगितली तेव्हा उजवीकडच्यांनीही नाकं पुसली. मग तो म्हणाला, "आता आमचे कविराज चार ओळी म्हणतील."

उठलो. कागद खिशात होता. काढला नाही.

म्हणालो, "मी फलकवाला. इतकी वर्षं मी आपल्या क्लबचा एकही गोल पाहिलेला नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "फार काही गमावलं नाहीत." हशा झाला. बरं वाटलं, त्यामुळे पुढे बोलता आलं.

"मला ते सगळे एका माणसानं ऐकवले. मला वाटायचं, ती खोली म्हणजे लाकूड, पत्रे, छप्पर. आता तीन वर्षं मी तिथे एकटा बसतोय. लाकूड तेच आहे, पत्रे तेच आहेत, पण खोली नाही. ज्याच्यामुळे ती खोली होती त्याला अठ्ठावन्न पायऱ्या चढता येत नाहीत. आणि मी त्याच्याच खिडकीसमोर ते लाल फडकं लावलं. अक्षर माझं होतं, मजकूरही माझाच."

मी सलूनवाल्याकडे वळलो.

"सलूनवाले, तुमचे वडील असते तर आज शंभरीचे असते. त्यांना तुम्ही वर कसं नेलं असतं?"

"खांद्यावर," तो म्हणाला. आणि खाली बसला.

"माझी एकच विनंती आहे. नकाशात एक लाकडी भिंत आहे. खर्च वाचवायला म्हणून ती उद्या सिमेंटची करू नका." आणि उजवीकडे जाऊन बसलो.

हात मोजले. अकरा जास्त. स्टँड पडणार.

बाहेर सलूनवाल्यानं गाठलं. वाटलं, आता बोलणी खायची. तो म्हणाला, "केस वाढलेत तुमचे. सोमवारी या. पण गप्प बसून कापून घ्यायचे." मग निघताना वळून, "पाडताना ती करकरणारी पायरी मी घेणार. आधीच सांगून ठेवतो."

२५ मार्च, सोमवार

केस कापले. गप्प बसलो.

ठोक्याकडे अजून गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलो. पत्र लिहायला घेतलं. टपालवाल्याला पत्र लिहायचं म्हणजे चूक काढेल, म्हणून फाडलं.

दुपारी हिनं एकदम विचारलं, "आपल्या जिन्याला पायऱ्या किती हो?"

"चौतीस. का?"

"सहज." मग शेजाऱ्यांकडचं एक जुनं स्टूल मागून आणलं आणि मधल्या वळणावर ठेवलं. कुंडी ठेवायला, म्हणाली.

२८ मार्च, गुरुवार

ही गेली. आता विणकाम म्हणत नाही, "भाऊजींकडे जाऊन येते" म्हणते. आल्यावर मी चार वेळा पेपर चाळून मग विचारलं, "काही म्हणाला का?"

"नाही. मोजत होते."

"काय?"

"तुमचे अपराध," म्हणाली आणि हसत आत गेली.

स्टुलावर अजून कुंडी आलेली नाही.

३१ मार्च, रविवार

आज जुन्या स्टँडातला शेवटचा सामना, चार वाजता. उद्यापासून पत्रे उतरवायचे. सातचा पत्रा मी मागून घेणार आहे, भेट म्हणून द्यायला. कुणाला ते लिहायची गरज नाही, पण देणार कसा ते ठरत नाहीये. दारात ठेवून यावा का? तो वाकून उचलणार कसा? मग आतच जावं लागेल. आत जाऊन काय म्हणावं याच्या दोन-तीन ओळी केल्या. यमक जुळलं की खोटं वाटतं आणि नाही जुळलं की रडू येतं.

सकाळचे दहा. जिन्यावर काहीतरी चाललंय. कुणीतरी जड सामान चढवतंय वाटतं. एक ठक्, मग घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्. खालच्या मजल्यावर कपाट आलं असेल. मदतीला जाऊ का म्हणून हिला विचारलं, तर म्हणाली, "बसा तिथेच. तुम्ही मधे कडमडू नका." आणि स्वतः दाराला कान लावून उभी राहिली. कपाटाचं हिला एवढं काय?

सवा दहा. आवाज वळणावर थांबलाय. स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. खालून कुणीतरी बाई म्हणतेय, "बाबा, पुरे आता." लगेच कुणाचा तरी पुटपुटल्यासारखा आवाज: "सतरा झाल्या. राहिल्या सतरा. गप्प बस."

हिनं चहा टाकलाय. कप मांडताना मोजले मी, चार आहेत. आम्ही दोघं. कपाटवाल्यांनाही देणार असेल.

साडेदहा. पुन्हा सुरू. ठक्. थांब. ठक्. मी लिहिता लिहिता डोलतोय हे आत्ता लक्षात आलं. कवितेच्या तासासारखं. हा ताल मी

दारावर ठोका. एकच.

पेन हातात धरून दुसऱ्याची वाट बघतोय. जुनी सवय. आला नाही.

ही दारापासून बाजूला झाली. कडीला हात लावत नाही. "तुम्हीच उघडा," म्हणते. डोळे पुसते आणि हसते, दोन्ही एकदम.

*

चहा निवायच्या आत एवढंच लिहितो. दार उघडलं. समोर ठोक्या उभा. उभा! घामानं निथळलेला, मागे लेक त्याच्या सदऱ्याला धरून. एक हात काठीवर आणि दुसरा डोक्यावर.